करण्यात आले

दुपारी अडीचच्या सुमारास आमच्या पंपघरात झोप येते. यात आळसाचा भाग नाही, आवाजच तसा आहे. चारही पंप एका सुरात चालू असले की पायाखालची फरशी हलकेच थरथरत राहते, उंच खिडक्यांतून ऊन तिरकं उतरतं, त्यात धूळ तरंगत असते, आणि माणूस उभ्या उभ्या कुठल्या कुठे जातो. मी तर डोळे उघडे ठेवून झोपायला शिकले आहे. मात्र चारातल्या एकाचा सूर जरासा जरी बदलला तरी खाडकन जागी होते. घरी उशाशी गजर कोकलत असतो तेव्हा मी ढिम्म हलत नाही, असं माझी भाची म्हणते.

तळ्याकाठचं हे पंपघर अर्ध्या शहराला पाणी देतं. मी इथं एकवीस वर्षं आहे, त्यातली तेरा पर्यवेक्षक म्हणून. पर्यवेक्षकानं करायचं काय, तर यंत्राला स्वतः हात लावायचा, इतरांकडून लावून घ्यायचा, आणि शेवटी लॉगबुकात नोंद करून खाली सही ठोकायची. दुरुस्त झालेला पंप त्या सहीशिवाय चालू करत नाहीत. माझं जगातलं सगळं वजन त्या सहीत आहे. घरात मला कोणी विचारत नाही ते सोडा.

तर ती सहीच जायची वेळ आली.

झालं असं, की वरून परिपत्रक आलं. जुन्या डिप्लोमावर काम करणाऱ्या सगळ्यांनी तीन महिन्यांत आपला डिजिटल पोर्टफोलिओ सादर करावा. स्वतः केलेली बारा कामं, त्यांचे फोटो, आकडे, आकृत्या. बारातलं एक काम फसलेलं हवं आणि त्यातून काय शिकलो ते लिहायला हवं. प्रत्येक कामाला एक साक्षीदार. मग समिती बोलावणार, प्रश्न विचारणार. पसंत पडलं तर यंत्रांच्या नोंदींवर सही करायचा हक्क राहील, नाही पडलं तर रेकॉर्ड रूममध्ये बदली.

रेकॉर्ड रूम मी पाहिलेली आहे. मुख्य इमारतीचं तळघर, ट्यूबलाइट, लोखंडी मांडण्या, आणि मांडण्यांवर आमचीच जुनी लॉगबुकं. तिथली फरशी थरथरत नाही. मी तिथं आठ दिवसांत वेडी झाले असते, हे शपथेवर सांगते.

पोर्टफोलिओ हा शब्द मी तोवर मॉडेलिंग करणाऱ्या मुलींच्या बाबतीतच ऐकला होता. भाचीला म्हटलं, "आता या वयात माझे फोटो कोण बघणार आहे?"

तिनं कपाळावर हात मारला. "मावशी, तुझे नाही, तुझ्या पंपांचे!"

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्याकडेच राहते. त्यांच्या कॉलेजात दर सत्राला हा पोर्टफोलिओ भरावा लागतो, त्यामुळे ती या बाबतीत माझी गुरू झाली, आणि गुरुपद मिळालं की आमच्या घरात कोणी ते सहजासहजी सोडत नाही. तिनं मला आधी स्वतःचा दाखवला. सुंदर होता. पडद्यावर निळ्या चौकोनांची रांग होती, चौकोनाला बोट लावलं की दार उघडल्यासारखं पान उघडायचं आणि आत एकेक काम मांडलेलं. ‘मी पुलाची प्रतिकृती तयार केली. मी संघाचं नेतृत्व केलं. मी अडचणींवर मात केली.’

तो पूल आइस्क्रीमच्या काड्यांचा होता. आमच्या जेवणाच्या टेबलावर तो आठवडाभर मुक्कामाला होता. तो चार मुलींनी मिळून केला, आणि त्यातले तीन दिवस आमची ही बया तापानं फणफणून पलंगावर पडून होती.

"एका पानात नऊ वेळा ‘मी’ आहे," मी म्हटलं.

"मोजत काय बसलीस? असंच लिहायचं असतं."

मी काही तसं लिहिणार नव्हते. मी महिनाभर खपून, जुन्या फोनांतले फोटो शोधून, लॉगबुकं चाळून माझी बारा कामं मांडली. पंप एकचं बेअरिंग बदलण्यात आलं. पंप चारचा गळका व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यात आला. मोटारीखाली पत्र्याच्या शिम-पट्ट्या घालून उंची जुळवण्यात आली. फसलेलं काम म्हणून एक किरकोळ प्रकरण शोधून काढलं, पंपाच्या दांड्याभोवतीनं पाणी गळू नये म्हणून ठासतात ते पॅकिंग ‘गरजेपेक्षा अधिक आवळण्यात आले’ आणि तापलं. सगळं नीटनेटकं झालं. मुदतीच्या आधी चार दिवस मी ते पाठवूनही दिलं आणि सुटले म्हणून त्या दिवशी दोन्ही जेवणांनंतर गोड खाल्लं.

आठवड्यानं ते परत आलं. बाराही पानांखाली एकच शेरा होता. ‘या कामात तुमचा वाटा स्पष्ट होत नाही.’ आणि शेवटी, ‘सुधारून पाठवण्यासाठी तीस दिवसांची एकच संधी देण्यात येत आहे.’

भाची माझ्या खुर्चीच्या हातावर बसून पानं उलटत गेली. मग तिनं शांतपणे विचारलं, "मावशी, हे बेअरिंग कोणी बदललं?"

"मी. दुसरं कोण?"

"आणि व्हॉल्व्ह?"

"मीच. गळ्याइतक्या पाण्यात उभी राहून."

"मग तसं लिही ना! इथं वाचून वाटतं की तुमच्या पंपघरात भुतं काम करतात."

"अगं, लॉगबुकात असंच लिहितात."

"हे लॉगबुक नाही."

फोटोंतही मी नव्हते. असणार कशी, फोटो काढणारी मीच होते. एका फोटोच्या कोपऱ्यात माझा अंगठा आला होता. दुसऱ्यात पितळेच्या झाकणात माझं प्रतिबिंब पडलं होतं, भोपळ्याएवढं तोंड आणि त्याला चिकटलेले दोन हात. बारा कामांत माझी एवढीच हजेरी.

ही भाषा मला डॉक्टरांनी शिकवली होती. डॉक्टर म्हणजे माझ्याआधीचे पर्यवेक्षक. औषधांशी त्यांचा काही संबंध नव्हता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "याच्या छातीत कफ आहे, रविवारी उघडा." रविवारी उघडलं की आत खरंच गाळ असायचा. म्हणून ते नाव पडलं. शेवटच्या दोनेक वर्षांत ते स्क्रू ड्रायव्हर कानाला लावत तेव्हा दुसऱ्या हाताचा तळवाही पंपावर ठेवायला लागले होते. आम्ही आपसांत हसायचो, म्हातारा पंपाचे लाड करतोय म्हणून.

मी नवीन होते तेव्हा पहिल्याच दिवशी लॉगबुकात लिहिलं होतं, ‘मी तेल बदललं.’ डॉक्टरांनी माझ्या हातातून पेन घेतलं, ते खोडलं आणि वर लिहिलं, ‘तेल बदलण्यात आले.’ म्हणाले, "लॉगबुकात ‘मी’ नसतो, पोरी. उद्या तू नसशील, मी नसेन. पंप असेल." मला ते इतकं आवडलं होतं की घरी जाऊन आईला सांगितलं. आपण नसलेल्या जागेत आपलं काम उरतं, ही कल्पना तेविसाव्या वर्षी फार गोड वाटते.

शेरा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, अडीचच्या उन्हात, मी पंप दोनच्या कठड्याला टेकले होते. फरशी थरथरत होती. आणि मी त्या निळ्या चौकोनांत शिरले.

आत लांबलचक दालन होतं, बारा निळी दारं होती. मी पहिलं ढकललं. आत पंप एक उघडून ठेवला होता आणि त्याच्यावर काम चाललं होतं, पण माणूस नव्हता. पाना हवेतच फिरत होता. नट आपोआप सैल होऊन खालच्या ताटलीत एकेक करून जाऊन बसत होते. तेलकट फडकं स्वतःच स्वतःची घडी घालत होतं. दारावर पाटी होती, ‘येथे काम करण्यात येत आहे.’ मला आधी बरंच वाटलं. किती सफाईनं चाललंय, असं म्हणून मी दुसऱ्या दारात डोकावले, मग चौथ्या, मग नवव्या. सगळीकडे तेच. मी हाक मारली, "कोण आहे?" पाना क्षणभर थांबला, अगदी अदबीनं, आणि पुन्हा फिरायला लागला. मग मात्र मला भीती वाटली. मी माझे हात बघायला खाली पाहिलं तर बाह्यांच्या पुढं काही नव्हतं.

तिसऱ्या दाराजवळून मी दोनदा गेले. ते बंद होतं. खालच्या फटीतून पाणी येत होतं, निवळशार, आवाज न करता, आणि माझे बूट भिजत होते.

पंप दोननं सूर बदलला आणि मी जागी झाले. गाळणीत शेवाळ अडकलं होतं, एवढंच. ते काढताना मी मुद्दाम हातांकडे पाहिलं. होते.

त्या संध्याकाळपासून मी ‘मी’ लिहायला बसले. सांगते, आवळलेला नट सोडवणं सोपं. ‘मी बेअरिंग बदललं’ एवढं टाइप केलं आणि भर वर्गात बाकावर उभं केल्यासारखे कान गरम झाले. पण दुसऱ्या पानावर जरा सवय झाली, आणि पाचव्यावर तर मजाच यायला लागली. ‘मी पाण्यात उतरले.’ ‘मला शंका आली.’ ‘मी मोटार थांबवायला सांगितली, कोणी ऐकलं नाही, म्हणून मी स्वतः जाऊन बंद केली.’ भाची मागं उभी राहून वाचायची आणि म्हणायची, "मावशी, तू हे सगळं केलंस?" इतकी वर्षं ती माझ्या घरात जेवत होती आणि तिला वाटत होतं मी पंपांवर लक्ष ठेवते, दूध उतू जाऊ नये म्हणून ठेवतात तसं.

अकरा पानं झाली. बारावं राहिलं, फसलेल्या कामाचं. मी ते पॅकिंगचं पान उघडलं, ‘मी गरजेपेक्षा अधिक आवळलं’ असं लिहिलं, आणि थांबले. खरं होतं ते. पण मला माझे भिजलेले बूट आठवले.

तेरा वर्षांपूर्वी पंप तीनची मोटार बदलली होती. पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, आणि मोटारीचा शाफ्ट एका रेषेत आणायचे असतात, त्याला अलाइनमेंट म्हणतात. ती मी केली. केसाइतकाही फरक ठेवला नाही, दिवसभर शिम घालत आणि काढत बसले होते. मग पाइप जोडला. पाइप जोडल्यावर बोल्टांच्या ताणानं पंप किंचित ओढला जातो, म्हणून पुन्हा एकदा मोजायचं असतं. कामाची पाळी संपत आली होती. मला बहिणीकडे बारशाला जायचं होतं, या भाचीच्याच धाकट्या भावाच्या. मी पुन्हा मोजलं नाही. लॉगबुकात लिहिलं, ‘अलाइनमेंट करण्यात आली.’ पंप चालू झाला, डॉक्टरांनी स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं, खाली लिहिलं, ‘पंप तपासण्यात आला. ठीक,’ आणि सही केली.

अकराव्या दिवशी शाफ्ट वाकला, दोन्ही शाफ्टांना जोडणारं कपलिंग फुटलं. अर्ध्या शहराला तीन दिवस पाणी पुरलं नाही. चौकशी बसली. लॉगबुकात नाव एकच होतं, सहीचं. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले होते, आपल्याला बोलावतील म्हणून. दार लोटायला कोणाची परवानगी लागत नव्हती, पण मी बसूनच राहिले. डॉक्टर बाहेर आले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेले. त्यांना रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. चार वर्षं त्या तळघरात काढून ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी मला बसवलं. त्यानंतर त्यांनी पंपघरात पाऊल टाकलं नाही, आणि मी वर्षातून एकदा फळं घेऊन त्यांच्याकडे जाते आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत येते.

हे सगळं मी बाराव्या पानावर लिहिलं. भाचीनं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, हे नको. पॅकिंगचंच ठेव ना. ते छान, लहानसं फसलेलं आहे. असंच देतात सगळे. हे वाचलं तर तुझी सही ठेवतील का?"

"नाही ठेवणार कदाचित."

"मग?"

"अकरा ठिकाणी मीच केलं म्हणून मिरवलंय. बाराव्या ठिकाणी भुतांनी केलं, असं कसं लिहू?"

तिनं तिचा टॅबलेट माझ्यापुढं सरकवला. मला स्वतःलाही धीर नव्हता. पण साक्षीदाराच्या रकान्यात एकच नाव बसत होतं, तेव्हा त्यांच्याकडे जाणं भागच होतं.

डॉक्टरांचं घर दोन खोल्यांचं, खिडकीत कुंड्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. काकूंनी दार उघडलं आणि आतल्या दिशेनं एवढ्या मोठ्यानं माझं नाव घेतलं की शेजारच्या गॅलरीतून एक बाई वाकून बघायला लागली. काकूंची तशी सवयच आहे. मी बारावं पान उघडून टॅबलेट डॉक्टरांच्या मांडीवर ठेवला. ते चष्मा लावून, ओठ हलवत, एकेक ओळ वाचत गेले. इतका वेळ लागला की चहावर साय आली.

"तीन नंबर आता कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे."

मग मी मान खाली घातली. समोर बघून विचारायची हिंमत नव्हती. कपाकडे बघतच म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं ना? मला वाचवायला गप्प राहिलात ना?"

मी वर पाहिलं तेव्हा ते खिडकीतल्या कुंड्यांकडे बघत होते. म्हणजे रागावलेत, असं मी समजले. राग यायलाच हवा होता, तो तेरा वर्षं उशिरा आला एवढंच.

"ती लिंक पाठव," ते चष्मा काढून म्हणाले. "काय ते लिहितो."

साक्षीदारानं लिहिलेलं उमेदवाराला दिसत नाही, ते थेट समितीकडे जातं. त्यामुळे पुढचे वीस दिवस मी अधांतरी होते. दुपारच्या उन्हात पुन्हा त्या दालनात जायची. आता पान्यांना हात होते, माझेच, भोपळ्याएवढ्या तोंडाच्या त्या बाईचे. तिसरं दार मात्र बंदच, आणि आतून कोणीतरी दारावर तळवा ठेवून उभं आहे असं वाटायचं. मी बाहेरून तळवा लावायचे. लाकूड थरथरायचं.

समितीत तिघं होती. अध्यक्ष एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, पांढरे केस आखूड कापलेले. टेबलावरच्या पडद्यावर माझे निळे चौकोन उघडे होते. पहिल्या अकरा कामांवर त्यांनी बरेच प्रश्न विचारले आणि मी उत्तरं दिली. कामाबद्दल विचारलं की मी घाबरत नाही. मग बारावं पान उघडलं.

"हे कोणालाच माहीत नव्हतं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "का लिहिलंत?"

"बाकीची कामं मी केली म्हणून लिहिली. हेही मीच केलं."

"तुमच्या साक्षीदारांनी काय लिहिलंय, कल्पना आहे?"

"नाही. पण जे लिहिलं असेल ते बरोबर असेल."

त्यांनी शेजारच्या दोघांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "एरवी आम्ही वाचून दाखवत नाही. पण त्यांनीच शेवटी लिहिलंय, की हे तिला मोठ्यानं वाचून दाखवा." आणि त्यांनी वाचलं.

"‘अलाइनमेंट तिनं केली हे खरं आहे. पाइप जोडल्यावर तिनं पुन्हा मोजलं नाही हेही खरं असेल. पण पंप चालू झाल्यावर ऐकायचं काम माझं होतं. मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. मला काही ऐकू आलं नाही. त्याआधी दोन वर्षांपासून मला बारीक आवाज ऐकू येत नव्हते. मी हात लावून अंदाज घ्यायचो. हे मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. मी ‘तपासण्यात आला’ असं लिहिलं. तो तपासण्यात आला नव्हता. चौकशीत मी तिला वाचवायला गप्प राहिलो असं तिला वाटत असेल. तसं नाही. मी मला वाचवत होतो. ती माझ्याकडे येते आणि मान खाली घालून बोलते, त्यामुळे मला तिचं काहीच समजत नाही. तिला सांगा, ती चांगली इंजिनीअर आहे.’"

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू? तेरा वर्षं मी मान खाली घालून त्या घरात फळं नेत होते आणि म्हातारा कुंड्यांकडे बघत बसत होता. मग मला तो पंपावर ठेवलेला तळवा दिसला, आणि आम्ही हसलो होतो ते आठवलं. एकाच ‘करण्यात आले’च्या मागं आम्ही दोघं लपलो होतो, एकमेकांचा पत्ता लागू न देता. त्या तीन अनोळखी माणसांसमोर मला रडू फुटलं. अध्यक्षबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "प्या. तुमचंच पाणी आहे."

पत्र पंधरा दिवसांनी आलं. ‘यंत्रांच्या नोंदींवर सही करण्याचा आपला हक्क कायम ठेवण्यात येत आहे.’ कोणी ठेवला ते लिहिलं नव्हतं. भाची ते वाचून पोट धरून हसली. त्या दिवशी तिनं तिचं पुलाचं पान उघडून काहीतरी खुडबूड केली. मी नंतर चोरून पाहिलं, तर ‘आम्ही चौघींनी’ असं झालं होतं, आणि खाली, ‘मी तीन दिवस आजारी होते.’

मी डॉक्टरांना आणायला गेले. या वेळी अगदी समोर बसले, त्यांच्या डोळ्यांत बघून, तोंड नीट उघडून म्हटलं, "तीन नंबरला तुम्हाला भेटायचंय." ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग उठून बूट शोधायला लागले.

अडीच वाजून गेले होते. चारही पंप चालू होते आणि ऊन खिडक्यांतून उतरलं होतं. डॉक्टर दारातच जरा थांबले, पायाखालची फरशी अजमावत असल्यासारखे. मग आपण काल संध्याकाळीच इथून गेलो होतो अशा चालीनं थेट पंप तीनपाशी गेले आणि त्यांनी तळवा ठेवला, डोळे मिटले. मी स्क्रू ड्रायव्हर लावला, मूठ कानाला टेकवली, आणि मीही डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. त्या आवाजात वेळेचं काही चालत नाही.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

मी डोळे उघडले आणि त्यांच्याकडे तोंड केलं. "छाती साफ आहे."

"हाताला पण तसंच लागतंय," ते म्हणाले.

मी लॉगबुक उघडलं आणि लिहिलं, ‘पंप तीन मी ऐकला. डॉक्टरांनी हात लावून पाहिला. ठीक.’ खाली सही केली. त्यांनी खांद्यावरून वाकून वाचलं आणि नाक मुरडलं.

"लॉगबुक आहे हे. पत्र लिहितेस काय?"

मी पेन त्यांच्या हातात दिलं आणि वही त्यांच्याकडे वळवली. ते बराच वेळ पेन धरून उभे होते. मग माझ्या सहीच्या खाली, त्यांच्या त्या जुन्या, सरळ, टोकदार अक्षरात त्यांनी लिहिलं, ‘मी आलो होतो.’

आणि सवयीनं पुढं वेळ टाकली, तीन वाजून दहा मिनिटं.